विषसूत्रे: प्रबोधनकाळातील विष, रसायन आणि राजकारण यांवरचे भाष्य

उपोद्घात

पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटलीचा विषय निघाला की बोर्जिया घराणे, पोकळ अंगठ्या आणि विषारी हातमोजे यांच्या कथा हमखास निघतात. त्यांतले खरे कोणते आणि रचलेले कोणते हे निवडायचे तर रसायनशास्त्र आणि इतिहास शेजारी ठेवून वाचावे लागतात. त्यासाठी पुढची नऊ सूत्रे बांधली आहेत. वामनाने आपल्या काव्यालंकारसूत्रांवर स्वतःच वृत्ती लिहिली. त्या रीतीला धरून येथेही सूत्र आणि भाष्य एकाच हातचे आहे. प्रतिपाद्य एकच आहे. त्या काळी विष मारक होते त्याहून अधिक ते सिद्ध न होणारे होते. या असिद्धतेचा लाभ मारेकऱ्याला झाला, तसाच खोटा आळ घेणाऱ्यालाही झाला.

सूत्र १. सत्ता एका देहात साठली की त्या देहाच्या मरणाला भाव येतो.

त्या काळचा इटली म्हणजे मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स आणि पोपचे राज्य, शिवाय भोवतीची लहान संस्थाने. बहुतेक ठिकाणी धोरण, सैन्य आणि खजिना एका माणसाच्या हाती असे. तो गेला की तह मोडत, भाडोत्री सेनापती बाजू बदलत. १५०३ च्या ऑगस्टमध्ये पोप सहावा अलेक्झांडर वारला आणि त्याच वेळी त्याचा मुलगा चेझारे बोर्जिया आजाराने अंथरुणाला खिळला होता. चेझारेने तलवारीच्या जोरावर उभे केलेले राज्य काही महिन्यांत विरून गेले. रोममध्ये आणखी एक कारण होते. कार्डिनल मेला तर त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याचा हक्क पोप सांगत असे. श्रीमंत कार्डिनलचे मरण हे खजिन्याच्या दृष्टीने उत्पन्न होते.

शंका: व्हेनिस तर प्रजासत्ताक, तेथे विषाचे काय काम? समाधान: शत्रूची सत्ता एका देहात असली तरी पुरे. व्हेनिसच्या दहांच्या समितीपुढे आलेले विषप्रयोगाचे प्रस्ताव दप्तरात नोंदलेले आहेत. १५१३ मध्ये रागुसाच्या एका जॉन नावाच्या साधूने समितीला दरपत्रकच दिले: तुर्कांच्या सुलतानासाठी ५०० डुकाट, स्पेनच्या राजासाठी प्रवासखर्चासह १५०, पोपसाठी १००. असे प्रस्ताव आले म्हणजे ते पार पडले असे मानू नये. पण राज्याच्या सर्वोच्च समितीपुढे ते मांडता येत होते आणि कारकून ते नीट लिहून ठेवत होते, एवढे निश्चित.

सूत्र २. सोमल पांढरा, वासाविना, चवीविना. म्हणून तो अन्नात लपतो.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही त्याच मूलद्रव्याची गंधकाबरोबरची खनिजे, एक पिवळे आणि दुसरे तांबूस नारिंगी. सोमल बहुतांशी भट्टीत जन्मतो. चांदी, तांबे, कोबाल्ट यांच्या धातुकांत आर्सेनिक मिसळलेले असते. धातुक भाजले की ते ऑक्सिजनशी संयोग पावून वाफ होते आणि धुराड्याच्या थंड भागात पांढरी पूड होऊन बसते. ती खरवडून पुन्हा तापवायची, वाफ पुन्हा निववायची, की शुद्ध माल तयार. मध्य युरोपातील खाणी जसजशा वाढल्या तसतशी ही पूड मुबलक झाली. उंदरांसाठी ती उघड विकली जाई. हरताळ आणि मनशीळ तर व्हेनिसमध्ये रंगविक्यांच्या दुकानी मिळत. तिशियनच्या ‘बॅकस आणि अरिआड्ने’ या चित्रातील नारिंगी वस्त्र मनशिळेने रंगवलेले आहे. सोमल विकत घेणारा त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत येत नसे.

मात्रा पाहा. सुमारे १०० ते २०० मिलिग्रॅम सोमल प्रौढ माणसाला मारू शकतो. थंड पाण्यात तो सावकाश आणि थोडाच विरघळतो, १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम २ ग्रॅम. पण तेवढ्यात दहा जणांचे मरण असते. ऊन कढी-सूपात किंवा दाट रश्शात हीही अडचण उरत नाही.

शरीरात काय होते? पेशी अन्नापासून ऊर्जा काढते त्या साखळीत पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाचे विकर आहे. त्याला लिपोइक आम्लाची साथ लागते. तीन संयुजेचे आर्सेनिक या आम्लातील गंधकाच्या गटांना घट्ट चिकटते आणि साखळी तेथेच अडते. पेशींची उपासमार सुरू होते, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, आतड्यात पाणी लोटते. बाहेरून दिसते ते असे: काही तासांत उलट्या, पोटात कळा, तहान, पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, मग गार पडलेले हातपाय. हेच चित्र पटकीत, हगवणीत आणि नासलेल्या अन्नाने झालेल्या बाधेतही दिसते. सोमलाचे राजकीय मोल या साम्यात आहे. चौथ्या सूत्राचा पाया हाच.

सूत्र ३. विषे अनेक, प्रत्येकाची खूण वेगळी.

मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचे दाहक लवण, त्या काळी सोमलाच्या खालोखाल ओळखीचे होते. पण त्याला धातूची उग्र चव असते आणि ते तोंड, घसा, जठर भाजून काढते. चोरून देण्यास ते गैरसोयीचे. बेन्व्हेनुतो चेल्लिनी या सोनार-शिल्पकाराने आपल्याला ते कालवणातून घातल्याचे आत्मचरित्रात सांगितले आहे; तो वाचला.

बचनागाचे युरोपीय भावंड नापेलुस. त्यातील अकोनिटीन हे द्रव्य नसांच्या आणि हृदयाच्या पेशींतील सोडियमची दारे उघडीच ठेवते. आधी जीभ-ओठांना मुंग्या, मग बधिरता, मग हृदयाची लय बिघडून मरण. ते सोमलाहून झटपट काम करते, म्हणून संशयही झटपट येतो.

डिजिटालिसचे उदाहरण प्रबोधनकाळाच्या उंबरठ्यावरचे आहे. व्हेरोनाचा सत्ताधीश कानग्रांदे देल्ला स्काला याने १३२९ च्या जुलैमध्ये त्रेव्हिझो शहर जिंकले आणि काही दिवसांतच तो वारला. त्याचा सुकून टिकलेला देह २००४ मध्ये बाहेर काढला तेव्हा यकृतात डिजिटालिसची द्रव्ये आणि आतड्यात त्या वनस्पतीचे परागकण सापडले.

शंका: मग बोर्जियांच्या सुप्रसिद्ध ‘कांतारेला’चे काय? समाधान: नाव आहे, कथा आहेत, विश्वसनीय पाककृती नाही. सोमलाला शक्य नाही असे एकही काम त्या कथांत तिच्याकडून घडत नाही, म्हणून वेगळे गूढ द्रव्य मानण्याचे कारण नाही.

हिऱ्याच्या पुडीचाही येथेच निकाल लावावा. ती आतडी चिरते अशी समजूत इटलीत होती आणि आपल्याकडेही होती. चेल्लिनी पोपच्या कैदेत असताना त्याला ती खाऊ घालण्याचा बेत झाला. ज्याला हिरा कुटायला दिला त्या जवाहिऱ्याने हिरा स्वतःकडे ठेवून हलका खडा कुटून दिला, आणि त्यामुळे आपला जीव वाचला, असे चेल्लिनी लिहितो. त्याचा तर्क चुकीचा आहे. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. जठरातील आम्लाचा त्यावर परिणाम होत नाही आणि त्याची बारीक पूड विषासारखे काम करत नाही. खरा हिरा कुटला असता तरी चेल्लिनी जगलाच असता.

सूत्र ४. विष की ताप, हे वैद्याला सांगता येत नव्हते.

कसोटीचे प्रकरण पोप सहाव्या अलेक्झांडरचे. १५०३ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोप आणि चेझारे हे कार्डिनल आद्रियानो कास्तेल्लेसीच्या मळ्यात जेवायला गेले. १२ तारखेला पोपला ताप भरला. वैद्यांनी रक्त काढले. ताप उतरला, पुन्हा चढला. १८ तारखेला तो वारला, वय ७२. चेझारे आजारी, यजमानही आजारी. समारंभप्रमुख योहान बुर्खार्डने पोपचा देह काळा पडून बेसुमार फुगल्याचे रोजनिशीत नोंदवले. यजमानासाठी आणलेली विषारी दारू चुकून बापलेकांनीच घेतली ही कथा रोमभर झाली आणि ग्विच्चार्दिनीसारख्या इतिहासकाराच्या ग्रंथात जाऊन बसली.

पूर्वपक्ष: एकाच जेवणावळीतले तिघे एकाच सुमारास आजारी पडले, हा योगायोग कसा मानावा? उत्तर: योगायोग मानण्याचे कारणच नाही. प्राणघातक मात्रेतील सोमल काही तासांत उलट्या आणतो, जवळपास आठवडा थांबत नाही. चढउतार करणारा ताप हे त्याचे लक्षण नव्हे. उलट डास चावल्यापासून हिवताप चढायला साधारण आठवडा ते पंधरवडा जातो. उन्हाळ्यातली रोम नगरी हिवतापाचे माहेरघर होती आणि तिघांनी एकाच मळ्यात संध्याकाळ घालवली होती. देह काळा पडणे व फुगणे हे ऑगस्टच्या उकाड्यात कोणत्याही शवाचे होते.

मग बोर्जिया निर्दोष का? तसे नव्हे. त्याच वर्षी १० एप्रिलला कार्डिनल जोव्हान्नी मिकिएल उलट्यांनी हैराण होऊन वारला आणि पोपने त्याची संपत्ती तातडीने ताब्यात घेतली. येथे लक्षण जुळते, हेतू जुळतो, लाभ जुळतो. १५०४ मध्ये या प्रकरणी खटला होऊन मिकिएलच्या नोकराला दोषी ठरवले गेले. पण तोवर बोर्जियांचा कट्टर वैरी पोप दुसरा जुलियस गादीवर आला होता, हेही पारड्यात टाकले पाहिजे. एका घराण्याच्या दोन प्रकरणांत निष्कर्ष वेगवेगळे येतात. सरसकट ‘विषारी घराणे’ म्हणणे हा आळस आहे.

सूत्र ५. यातनेतून निघालेली कबुली हा पुरावा नव्हे.

शवात विष शोधण्याची रीत नव्हती, तेव्हा पुरावा जिवंत माणसाच्या तोंडून काढला जाई. फ्रान्सचा युवराज फ्रान्स्वा १५३६ मध्ये चेंडूफळीचा खेळ खेळून घामाघूम झाला, थंड पाणी प्याला, आजारी पडला आणि १० ऑगस्टला वारला. सेवेतला इटालियन उमराव सेबास्तियानो दे मोन्तेकुक्कोली पकडला गेला. यातनांखाली त्याने कबूल केले. ७ ऑक्टोबरला लियाँ शहरात चार घोड्यांना बांधून त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. त्या वेळी फ्रान्स आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात युद्ध चालू होते. फ्रेंचांनी खुनाचा ठपका सम्राटावर ठेवला, सम्राटाच्या पक्षाने युवराजाच्या धाकट्या भावाची पत्नी कातेरिना दे मेदिची हिच्याकडे बोट दाखवले. युवराजाचा मृत्यू फुप्फुसाच्या विकाराने झाला असणे अधिक संभवते. एका तरुणाच्या आजारातून एका निरपराधाचा वध आणि दोन दरबारांचा प्रचार, दोन्ही उभे राहिले.

१५१७ चे प्रकरण याहून बोलके आहे. कार्डिनल अल्फोन्सो पेत्रुच्चीने पोप दहाव्या लिओला मारण्यासाठी बात्तिस्ता दा व्हेर्चेल्ली या शल्यवैद्याला पुढे केले, भगंदरावरच्या उपचाराच्या निमित्ताने विष द्यायचे ठरले, असा आरोप झाला. शल्यवैद्याला देहदंड, पेत्रुच्चीचा तुरुंगात गळा आवळून शेवट. कार्डिनल रिआरिओवर १,५०,००० डुकाट दंड बसला. १५०३ च्या जेवणाचा यजमान कास्तेल्लेसी याही कटात ओढला गेला आणि व्हेनिसला पळाला. १ जुलैला लिओने ३१ नवे कार्डिनल एकदम नेमले आणि कार्डिनलांच्या सभेवर पकड बसवली. पेत्रुच्चीला लिओचा राग होता, यात वाद नाही. सिएनातील त्याच्या घराण्याची सत्ता लिओनेच उलथवली होती. पण पोपच्या पोटात विष गेलेच नाही, आणि तरीही विषाने जे साधले असते त्याहून अधिक त्या आरोपाने साधले. या भाष्याच्या प्रतिपाद्याला इतके थेट बळ देणारे दुसरे प्रकरण नाही.

सूत्र ६. भीतीचाही व्यापार होतो.

ताटे चाखली जात, दारू चाखली जात असे. पण आर्सेनिकाला काही तास लागतात. चाखणाऱ्यावर परिणाम दिसेपर्यंत धन्याचे जेवण आटोपलेले असे. मग वस्तूंवर भिस्त. एकशिंग्याचे म्हणून विकले जाणारे शिंग प्रत्यक्षात उत्तर समुद्रातील नारव्हाल या देवमाशाच्या कुळातल्या प्राण्याचा दात होता. १५३३ मध्ये मार्सेयला कातेरिनाचे लग्न झाले तेव्हा पोप सातव्या क्लेमेंटने फ्रान्सच्या राजाला असे शिंग भेट दिले. मेजावर ‘सर्पजिव्हा’ टांगत. ते शार्क माशांचे अश्मीभूत दात.

विषावर उतारा मानला जाणारा बेझोर खडा मात्र आपल्या किनाऱ्यावरून जाई. इराणकडील रानबकऱ्यांच्या पोटात केस आणि वनस्पतीच्या कणांभोवती हे खडे साठतात. गोवा ही त्यांच्या व्यापाराची मोठी पेठ होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची सेवा झाली. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात बेझोरावर संवाद आहे, धोतऱ्याने माणसाला बेभान करण्यावरही आहे. १५६७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला प्रसिद्ध केला. युरोपातील राजांच्या भीतीला गोव्यातून माल जात होता आणि माहितीही जात होती.

सूत्र ७. उताऱ्याची परीक्षा कैद्याच्या देहावर झाली.

१५२४ चा ऑगस्ट, रोमच्या कॅपिटोल टेकडीवरचा तुरुंग. ग्रेगोरिओ काराव्हिता या शल्यवैद्याने विषावर उतारा म्हणून एक तेल आणले होते. पोप सातव्या क्लेमेंटने परीक्षेचा हुकूम दिला. मृत्युदंड झालेल्या दोन कॉर्सिकन कैद्यांना बदामाच्या मिठाईतून नापेलुस खाऊ घातले. दोघेही वेदनेने ओरडू लागल्यावर एकाला तेल चोळले, तो वाचला. दुसऱ्याला चोळले नाही, तो तडफडून मेला. वैद्य साक्षीला उभे होते आणि वृत्तान्त छापून वाटला गेला.

या परीक्षेत एक मोठा विचार आहे आणि एक मोठा अपराध. विचार असा की दोघांना एकच विष द्यावे, उपचार एकालाच करावा आणि फरक पाहावा. तुलनेचे हे तत्त्व पुढे वैद्यकाचा कणा झाले. अपराध असा की ज्याला नकार देता येत नाही त्याच्या जिवावर ते तत्त्व शिकले गेले. शिवाय निष्कर्षही कच्चा. नापेलुसच्या मुळ्यांत अकोनिटीनचे प्रमाण मुळीगणिक बदलते, एकाला उलटी अधिक झाली तरी तो वाचतो. कातडीवरच्या तेलाने पोटातले विष अडत नाही.

१५६० च्या दशकात फ्रान्सचा शल्यवैद्य आंब्र्वाज पारे याने बेझोराची परीक्षा पाहिली. चांदीची भांडी चोरलेल्या स्वयंपाक्याने फाशीऐवजी विष आणि बेझोर पत्करला. दिले ते पाऱ्याचे दाहक लवण. सुमारे सात तासांनी तो भयंकर यातनांत मेला. पारेने शव उघडले, जठर आतून भाजल्यासारखे काळे दिसले. खडा निकामी ठरला. पारेने हे आडपडदा न ठेवता लिहिले, म्हणून त्या स्वयंपाक्याचे मरण निदान पुढच्यांना सावध करून गेले.

सूत्र ८. शवात सापडलेले विष हे उत्तर नव्हे, तो पुढचा प्रश्न.

तोस्कानाचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को दे मेदिची आणि त्याची पत्नी ब्यांका काप्पेल्लो १५८७ च्या ऑक्टोबरात पोज्जो आ कायानोच्या वाड्यात एकापाठोपाठ एक वारले. भाऊ कार्डिनल फेर्दिनांदो तेथेच होता आणि गादी त्याला मिळाली. अफवेला याहून अधिक काय हवे? २००६ मध्ये बोनिस्ताल्लोच्या चर्चमधील भांड्यांतल्या अवशेषांत आर्सेनिक आढळल्याचे एका इटालियन चमूने प्रसिद्ध केले. २०१० मध्ये दुसऱ्या चमूने फ्रान्चेस्कोच्या हाडांत घातक हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दाखवल्या. त्याचा आजार दहा-अकरा दिवसांचा, तापाचे झटके देणारा होता. आर्सेनिक शव टिकवण्याच्या मसाल्यातूनही येऊ शकते. माझा कौल हिवतापाला: हाडातील खूण रोगाची आहे, बाहेरून चोपडता येत नाही, आणि आजाराच्या क्रमाशी ती जुळते.

पिको देल्ला मिरांदोला हा तत्त्वज्ञ १७ नोव्हेंबर १४९४ रोजी फ्लॉरेन्समध्ये वारला, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स शहरात शिरला त्याच दिवशी. २००७ मध्ये त्याचे अवशेष काढले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्सेनिकाचे प्रमाण तीव्र विषबाधेशी सुसंगत ठरले. येथे विषाचा पक्ष बळकट आहे. पण कोणी दिले, हे कोणतेही हाड सांगणार नाही.

ही मर्यादा मराठी वाचकाला बडोद्याच्या खटल्यातून चटकन कळेल. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. काय होते ते रसायनाने सांगितले. कोणी घातले, यावर आयोगाचे तीन इंग्रज आणि तीन भारतीय सदस्य दुभंगले. भारतीय सदस्यांना बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावरचा आरोप सिद्ध वाटला नाही. तरीही १८७५ मध्ये कुशासनाच्या कारणाने त्यांची गादी गेली. सत्तेला निकाल हवा असला की ती पुराव्यासाठी थांबत नाही. मेदिचींच्या काळीही आणि त्यानंतरही.

सूत्र ९. शोधण्याची रीत ही बळीची ढाल, तशीच आरोपीचीही.

१८३२ मध्ये इंग्लंडमधील एका खटल्यात जेम्स मार्श याने कॉफीत आर्सेनिक असल्याचे दाखवणारा पिवळा साका तयार केला. ज्यूरीपुढे येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. १८३६ मध्ये मार्शने पक्की रीत दिली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालावे. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघतो. तो काचनळीत तापवला की आर्सेनिकाचा चकचकीत काळा थर काचेवर बसतो. एका मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागापर्यंत ती पोचते, म्हणजे मारक मात्रेच्या कितीतरी खाली.

या शोधाने विषप्रयोग करणारे धास्तावले, हे नेहमी सांगितले जाते. तितकेच महत्त्वाचे दुसरे आहे. थर बसला नाही तर आरोपीलाही काही म्हणता येते. मोन्तेकुक्कोलीला ते म्हणता आले नाही. युवराजाच्या जठरात काय होते हे कोणीच दाखवू शकत नव्हते, म्हणून त्याच्या किंकाळ्या पुरावा ठरल्या. विषाचा इतिहास खुन्यांच्या चातुर्याचा म्हणून वाचला जातो. तो पुराव्याअभावी मेलेल्यांचाही आहे: काही विषाने मेले, काही विषाच्या आरोपाने. राजकीय मृत्यूनंतर आजही पहिल्या तासात विषाची कुजबूज उठते. तेव्हा विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: लक्षणे किती तासांत आली, नमुना कोणी घेतला, कोणाच्या ताब्यात राहिला, आणि निष्कर्षाचा लाभ कोणाला. हे चार प्रश्न विचारण्याआधी कोणाला खुनी म्हणू नये, आणि विचारल्याखेरीज कोणाला निर्दोषही सोडू नये.